वाद्य एकाचे, वादन दुसऱ्याचे

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जगात व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो ही गजाने वाजवायची वाद्ये वादकाने स्वतः आणावयाची असतात. सभागृहातील पियानो सभागृहाचा असतो, मोठी तालवाद्ये वाद्यवृंदाची असतात, परंतु व्हायोलिनवादकाला नोकरी मिळते ती त्याच्या हाती चांगले वाद्य आहे हे गृहीत धरूनच. आणि ते वाद्य कोठून यावे, त्याचे पैसे कोणी द्यावेत, हा प्रश्न बहुतांशी त्याच्या एकट्याचा राहतो. नामांकित कारागिरांच्या जुन्या वाद्यांच्या किमती आज अशा पातळीवर आहेत, की वाद्यवृंदासमोर उभे राहून प्रमुख भाग वाजवणाऱ्या जगप्रसिद्ध एकलवादकालाही आयुष्यभराच्या मानधनातून त्यांपैकी एखादे विकत घेणे क्वचितच जमते. तरीही ही वाद्ये रंगमंचावर ऐकू येतात, कारण गेल्या शंभर वर्षांत वाद्याची मालकी आणि वाद्याचे वादन या दोन गोष्टी हळूहळू एकमेकींपासून वेगळ्या होत गेल्या आहेत. ही फारकत संगीताला तारक ठरते की मारक, हे ती कोणत्या अटींवर होते यावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच त्या अटी सामान्य रसिकानेही समजून घेण्यासारख्या आहेत.

किंमत वाढते कशी

उत्तर इटलीतील क्रेमोना या शहरात सोळाव्या शतकात आमाती घराण्याने व्हायोलिनच्या घडणीचा पाया घातला आणि पुढे त्याच शहरात आंतोनियो स्ट्रॅडिव्हरी (मृत्यू 1737) व ज्युझेप्पे ग्वार्नेरी (मृत्यू 1744) यांनी ती घडण अशा पूर्णत्वाला नेली, की नंतरच्या बहुतेक कारागिरांनी त्यांचेच नमुने समोर ठेवले. स्ट्रॅडिव्हरीची सर्व प्रकारची मिळून सुमारे 650 वाद्ये आज शिल्लक आहेत, तर ग्वार्नेरीची व्हायोलिने दीडशेच्या आसपास असल्याचे मानले जाते. या संख्येत भर पडणे शक्य नाही. उलट आग, अपघात आणि चोरी यांमुळे ती घटतच जाते. पुरवठा गोठलेला आणि मागणी मात्र वादकांपुरती न राहता संग्राहक, बँका, प्रतिष्ठाने व गुंतवणूकदार यांच्यापर्यंत पसरलेली, अशा स्थितीत किंमत वादकाच्या उत्पन्नाशी कोणतेही नाते ठेवत नाही.

हे नाते कधी तुटले, ते जुन्या व्यवहारांवरून स्पष्ट दिसते. हॉलिवूडच्या चित्रपटांसाठीही वाजवलेले व्हायोलिनवादक तोशा झायडल यांनी 1924 मध्ये 1714 सालचे एक स्ट्रॅडिव्हरी व्हायोलिन 25,000 डॉलरना घेतले. तेच वाद्य 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 53 लाख डॉलरना विकले गेले. व्हायोलिनवादक रोमन टोटेनबर्ग यांनी 1943 मध्ये ‘एम्स’ नावाने ओळखले जाणारे स्ट्रॅडिव्हरी 15,000 डॉलरना विकत घेतले होते. या रकमा त्या काळीही मोठ्याच होत्या, पण नाव कमावलेल्या वादकाच्या आवाक्याबाहेरच्या नव्हत्या. याउलट 1721 सालचे ‘लेडी ब्लंट’ हे व्हायोलिन 1971 मध्ये लंडनच्या लिलावात 84,500 पौंडांना गेले आणि अवघ्या चाळीस वर्षांनी, 2011 मध्ये, सुमारे 98 लाख पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या दराने 70 कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले. चाळीस वर्षांत शंभरपटीहून अधिक वाढ ज्या वस्तूची होते, तिचा पाठलाग मानधनाच्या बळावर करता येत नाही.

या किमतीत केवळ स्वराची किंमत नसते. वाद्य खरोखर त्याच कारागिराचे आहे असे सांगणारे मान्यवर तज्ज्ञाचे प्रमाणपत्र, पूर्वीच्या मालकांची अखंड नोंद आणि लाकडाची स्थिती या तीन गोष्टींवर ती उभी असते. पोटाच्या व पाठीच्या फळ्यांमध्ये उभ्या बसवलेल्या लहानशा लाकडी खुंटीच्या जागी पाठीला तडा गेलेला असेल, तर तो उत्तम रीतीने जोडला गेला आणि स्वरात काहीही फरक पडला नाही, तरी किंमत मोठ्या प्रमाणात उतरते; कमी पैशात चांगले वाद्य शोधणारे जाणकार वादक म्हणूनच अशा दुरुस्त केलेल्या वाद्यांकडे वळतात. वय ठरवण्यासाठी पुढच्या फळीतील वार्षिक वर्तुळांच्या रेषा मोजून झाड कोणत्या काळापर्यंत वाढत होते हे आता तपासता येते. तरीही प्रमाणपत्र देणारा, मोल ठरवणारा आणि विक्री करणारा माणूस अनेकदा एकच असल्याने या बाजारात फसवणुकीला वाव राहतो. ऑस्ट्रियातील एका विख्यात व्यापाऱ्याला 2012 मध्ये वियेन्नाच्या न्यायालयाने सहा वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. सामान्य व्हायोलिने स्ट्रॅडिव्हरीची म्हणून बँकेकडे तारण ठेवल्याचे त्या प्रकरणात उघड झाले होते. मोठमोठ्या बँका जेथे फसल्या, तेथे एकट्या वादकाने कर्ज काढून खरेदी करताना किती जोखीम पत्करलेली असते, हे यावरून लक्षात यावे.

वाद्य जुने म्हणून महाग होणे ही काही सर्व संगीतपरंपरांत घडणारी गोष्ट नाही, हे मिरजेच्या उदाहरणावरून कळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिरजेत तंबोरा आणि सतार घडवण्याची परंपरा आहे व तेथील या दोन्ही वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा नाजूक असतो, घोडीवरची जवारी वारंवार नव्याने काढावी लागते आणि मुख्य म्हणजे उत्तम तंबोरा घडवणारे हात आजही त्याच गावात काम करत आहेत. त्यामुळे नव्या वाद्याची किंमत हजारांच्या हिशेबात राहते आणि गायक ते कारागिराशी बोलून, आपल्या स्वराला जुळेल असे करून घेऊ शकतो. स्ट्रॅडिव्हरी व ग्वार्नेरी यांच्या वाद्यांबाबत हा संवाद 1744 नंतर संपला, आणि त्याची जागा लिलावाने घेतली.

स्वतःचे वाद्य: विक्री, कर्ज आणि भागीदारी

अत्युच्च किमतीच्या वाद्यांखाली एक मोठा मधला थर आहे. एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील इटालियन आणि फ्रेंच कारागिरांची वाद्ये, जी युरोप-अमेरिकेच्या वाद्यवृंदांतील बहुसंख्य वादकांच्या हाती असतात, तीही हजारो किंवा लाखो डॉलरना विकली जातात, आणि त्यांसाठी लागणारा गज वेगळा घ्यावा लागतो. या थरातील खरेदीची रूढ पद्धत पायऱ्यांची आहे. विद्यार्थी प्रथम साधे वाद्य घेतो. पुढे तोच व्यापारी ते वाद्य परत घेऊन त्याची किंमत वरच्या दर्जाच्या वाद्यात वळती करतो, आणि उरलेली रक्कम हप्त्यांनी किंवा कर्जाने फेडली जाते. खरेदीपूर्वी आठवडा-दोन आठवडे वाद्य घरी नेऊन, शक्यतो मोठ्या सभागृहात वाजवून पाहण्याची मुभा असते. काही वाद्यवृंद आपल्या सदस्यांना वाद्यखरेदीसाठी कर्जाऊ रक्कम देतात. घरासाठी काढलेल्या कर्जाइतकेच मोठे दुसरे कर्ज डोक्यावर घेऊन निवृत्तीपर्यंत फेडत राहणारे वादक या व्यवसायात अपवाद नाहीत.

वरच्या पायरीवरही हीच रीत दिसते, फक्त आकडे बदलतात. अमेरिकन व्हायोलिनवादक जोशुआ बेल यांनी 2001 मध्ये 1713 सालचे ‘गिब्सन’ स्ट्रॅडिव्हरी जवळपास 40 लाख डॉलरना घेतले, तेव्हा त्यासाठी त्यांना आपले आधीचे स्ट्रॅडिव्हरी 20 लाखांहून थोड्या अधिक किमतीला विकावे लागले. ‘गिब्सन’ 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधून चोरीस गेले होते आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी चोराने मृत्यूपूर्वी कबुली दिल्यावर सापडले होते. बेल यांनी ते घेतले नसते तर ते एका संग्राहकाकडे जाण्याच्या बेतात होते.

ज्याच्याकडे विकण्याजोगे काही नाही, त्याच्यासाठी ब्रिटनमध्ये भागीदारीची एक पद्धत रुजली आहे. स्ट्रॅडिव्हरी ट्रस्ट नावाचा न्यास वादकासाठी संगीतप्रेमी व्यक्तींचा एक गट जमवतो. हे लोक मिळून वाद्य विकत घेतात, प्रत्येकाकडे त्याचा काही हिस्सा राहतो, आणि वादक वाद्य वाजवत असतानाच वर्षानुवर्षे जमेल तसे एकेक हिस्से विकत घेत मालकीकडे सरकत जातो. गुंतवणूकदाराला वाढलेल्या किमतीचा लाभ होऊ शकतो, वादकाला वेळ मिळतो, आणि वाद्य तिजोरीत न पडता वाजत राहते.

स्वतःच्या मालकीचे वाद्य कायद्याच्या नजरेत नेमके काय आहे, हा प्रश्न अमेरिकेत एका गजामुळे न्यायालयापर्यंत गेला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदातील एका वादक दाम्पत्याने 1985 मध्ये फ्रान्स्वा तूर्त या फ्रेंच कारागिराचे, म्हणजे आधुनिक गजाला त्याचे रूप देणाऱ्या माणसाचे, दोन गज 30,000 आणि 21,500 डॉलरना घेतले आणि करविवरणात त्यांवर घसारा लावला; घसारा म्हणजे व्यवसायातील साधन झिजल्याबद्दल उत्पन्नातून मिळणारी वार्षिक वजावट. करखात्याने ती नाकारली. गजांची किंमत घटण्याऐवजी वाढते आहे, त्या संग्रहणीय वस्तू आहेत, तेव्हा झीज कसली, असा खात्याचा युक्तिवाद होता. वादकांचे म्हणणे असे होते, की रोजच्या सरावाने व कार्यक्रमांनी गजाच्या काठीतील लवचीकपणा हळूहळू संपतो आणि संग्राहकाच्या दृष्टीने मौल्यवान राहिलेला गज वादकाच्या दृष्टीने निकामी होतो. करविषयक न्यायालयाने 1994 मध्ये हा मुद्दा मान्य केला आणि 1995 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी सतराव्या शतकातील एका मोठ्या मंद्र तंतुवाद्याबाबत दुसऱ्या वादकाच्या बाजूनेही असाच निकाल लागला. बाजारातील मोल आणि कामातील उपयोग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्या निकालांनी अधोरेखित केले. कलावंताचे वाद्य ही त्याची ठेव नसून त्याचे अवजार आहे, ही भूमिका वादकाला दिलासा देणारी आहेच, पण न्याय्यही आहे.

आश्रयदात्यांचे वाद्य

मालक एक आणि वादक दुसरा, ही व्यवस्था मुळात नवी नाही. खुद्द स्ट्रॅडिव्हरीने 1690 मध्ये टस्कनीच्या मेदिची राजपुत्रासाठी वाद्ये घडवली होती आणि त्याने नक्षीकाम करून सजवलेली काही वाद्ये स्पेनच्या राजदरबाराच्या मालकीची होऊन आजही माद्रिदच्या राजवाड्यात आहेत. इटालियन व्हायोलिनवादक निकोलो पागानिनी याला त्याचे 1743 सालचे ग्वार्नेरी व्हायोलिन लिव्होर्नो येथील एका व्यापाऱ्याने प्रथम एका मैफलीपुरते वापरायला दिले आणि वादन ऐकून कायमचे देऊन टाकले, असे सांगितले जाते. पागानिनीने ते मृत्युपत्रान्वये जेनोआ शहराला दिले, आणि आज त्याच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेतील विजेत्याला ते वाजवण्याचा मान मिळतो.

विसाव्या शतकात राजांची जागा बँकर आणि उद्योगपतींनी घेतली. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन बारा वर्षांचा असताना, 1929 मध्ये, अमेरिकन बँकर हेन्री गोल्डमन यांनी त्याला 60,000 डॉलर किमतीचे ‘खेव्हेनह्युलर’ स्ट्रॅडिव्हरी भेट दिले. जॅकलिन द्यु प्रे या ब्रिटिश चेलोवादक तरुणीला तिच्या धर्ममातेने 1960 च्या दशकात ‘डेव्हिडॉव’ हे स्ट्रॅडिव्हरीचे चेलो घेऊन दिले. पुढे तेच वाद्य चेलोवादक यो-यो मा यांच्याकडे वापरासाठी आले. या दानांमागील आपुलकी निर्विवाद आहे, परंतु त्यांत एक मर्यादाही आहे: आश्रय कोणाला मिळेल हे श्रीमंत माणसाशी ओळख होण्यावर ठरते, आणि गुण असूनही अशी गाठ न पडलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

उसनवारीच्या संस्था

ही मर्यादा ओलांडण्यासाठी काही देशांनी सार्वजनिक वाद्यसंग्रह उभे केले. कॅनडाच्या कलापरिषदेने 1985 मध्ये वाद्यांची एक बँक सुरू केली. तिच्यातील स्ट्रॅडिव्हरीसह अनेक दुर्मीळ वाद्यांसाठी दर तीन वर्षांनी देशपातळीवर स्पर्धा होते आणि निवडलेल्या वादकांना ती तीन वर्षांसाठी मिळतात. जर्मनीत संघराज्य सरकार आणि हॅम्बुर्ग येथील एक संगीत प्रतिष्ठान यांनी 1993 पासून असाच निधी चालवला असून तरुण वादक दरवर्षी परीक्षक मंडळापुढे वाजवून वाद्य मिळवतात. ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेने 1989 पासून जुन्या वाद्यांचा संग्रह जमवला आणि ती वियेन्ना फिलहार्मोनिकसारख्या वाद्यवृंदांतील वादकांना दिली. जपानमधील निप्पॉन म्युझिक फाउंडेशनने 1994 मध्ये, एके काळी पागानिनीकडे असलेली चार स्ट्रॅडिव्हरी वाद्ये वॉशिंग्टनच्या एका कलासंग्रहालयाकडून दीड कोटी डॉलरना घेतली आणि दोन व्हायोलिने, एक व्हायोला व एक चेलो असा हा संच टोकियो स्ट्रिंग क्वार्टेट या चौघा वादकांच्या गटाने 2013 पर्यंत वाजवला. ‘लेडी ब्लंट’ विकणारी संस्थाही हीच होती. त्या विक्रीचे पैसे तिने 2011 च्या भूकंप व त्सुनामीतील आपद्ग्रस्तांसाठी दिले.

अशा वाद्याबरोबर वादकाकडे एक करारही येतो. वाद्याचा विमा उतरवलेला असला पाहिजे, आणि अनेक करारांत तो हप्ता वादकानेच भरायचा असतो. ठरावीक कालावधीने नेमलेल्या कारागिराकडून तपासणी करून घ्यावी लागते. परवानगीशिवाय दुरुस्ती करता येत नाही. प्रवासात वाद्य सामानात टाकता येत नाही, चेलोसाठी तर विमानात स्वतंत्र आसन घ्यावे लागते. खाजगी मालक कधी वर्षातून काही मैफली आपल्यासाठी करण्याची अट घालतात. या अटी जाचक वाटल्या तरी त्यांमागचे कारण खरे आहे: टोटेनबर्ग यांचे ‘एम्स’ 1980 मध्ये कार्यक्रमानंतर चोरीला गेले, 2012 मध्ये टोटेनबर्ग वारले आणि वाद्य 2015 मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी, सापडले. त्यांच्या मुलींनी विमा कंपनीची रक्कम परत करून ते सोडवले व पुढे अशा रीतीने विकले, की ते एका तरुण वादकाच्या हाती उसने म्हणून जावे.

उसनवारीचा खरा काच मात्र अटींमध्ये नसून मुदतीमध्ये आहे. जुन्या वाद्याशी हात जुळायला वर्ष-दोन वर्षे सहज लागतात. कोणत्या तारेवर किती दाब सोसतो, कोणता स्वर कोठे मोकळा होतो, हे वादकाच्या अंगवळणी पडते न पडते तोच परत करण्याची तारीख जवळ येऊ शकते. जर्मन व्हायोलिनवादक फ्रँक पीटर त्सिमरमान यांच्या बाबतीत जे घडले, ते या दृष्टीने बोलके आहे. 1711 सालचे ‘लेडी इंचिक्विन’ स्ट्रॅडिव्हरी ते 2001 पासून वाजवत होते आणि ते एका जर्मन बँकेच्या मालकीचे होते. जागतिक आर्थिक संकटानंतर ती बँक गुंडाळली गेली, तिची मालमत्ता विकण्याचे ठरले, त्सिमरमान यांच्याशी किमतीबाबत बोलणी फिसकटली आणि 2015 मध्ये त्यांना वाद्य परत करावे लागले. वादकाच्या कौशल्यात, वाद्याच्या स्थितीत किंवा श्रोत्यांच्या प्रेमात काहीही उणे आलेले नव्हते. केवळ मालकाच्या ताळेबंदात खोट आली म्हणून चौदा वर्षांची सोबत तुटली. पुढे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या कलासंग्रहाने ते वाद्य मिळवले आणि 2016 मध्ये ते पुन्हा त्सिमरमान यांच्या हाती आले. बँकेच्या ताळेबंदातील मालमत्ता आणि सार्वजनिक ठेवा यांतला फरक येथे स्पष्ट होतो: पहिलीत वाद्य केव्हाही विक्रीला निघू शकते, दुसऱ्यात ते वाजते ठेवणे हाच मालकीचा हेतू असतो.

नव्या हातांची वाद्ये

एवढा सगळा खटाटोप जुन्याच वाद्यासाठी करायला हवा का, हा प्रश्न आता संशोधकांनीही विचारला आहे. फ्रेंच ध्वनिशास्त्रज्ञ क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये पॅरिसजवळ दहा नामांकित एकलवादकांना, वाद्य ओळखू येऊ नये अशा रीतीने डोळ्यांवर आवरण लावून, सहा जुनी इटालियन आणि सहा नवी व्हायोलिने वाजवायला दिली. कार्यक्रमांसाठी कोणते निवडाल असे विचारल्यावर दहांपैकी सहा जणांनी नवे व्हायोलिन निवडले, आणि जुने कोणते व नवे कोणते हे त्यांना खात्रीने ओळखता आले नाही. क्रेमोनाच्या वाद्यांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही, पण त्यांच्यावाचून श्रेष्ठ वादन शक्यच नाही ही समजूत मात्र टिकत नाही. जर्मन वादक क्रिस्टियान टेट्झलाफ हे स्टेफान-पीटर ग्रायनर या आजच्या कारागिराचे व्हायोलिन वाजवतात. हयात कारागिराचे उत्तम व्हायोलिनही स्वस्त नसते, परंतु त्याची किंमत कष्टाने फेडता येईल अशी असते, आणि त्यात काही बिघडले तर घडवणाऱ्यालाच विचारता येते.

याच्याही खाली, जेथे वादक घडू लागतो, तेथे फार थोड्या मदतीने फार मोठे काम होते. इंग्लंडच्या कलापरिषदेने 2007 मध्ये वाद्यखरेदीसाठी बिनव्याजी कर्जाची योजना आणली, ज्यात कुटुंबाला वाद्याची किंमत मासिक हप्त्यांनी फेडता येऊ लागली. ब्रिटनमध्ये सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना शाळेमार्फत घेतलेल्या वाद्यावर मूल्यवर्धित करातही सूट मिळते. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या संगीतविद्यालयाने तर दानात मिळालेले 1714 सालचे स्ट्रॅडिव्हरी फेब्रुवारी 2025 मध्ये 1 कोटी 12 लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले आणि त्यातून विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा कायम निधी उभारला. दात्याच्या इच्छेलाही ते धरून होते. एक व्हायोलिन जपावे की त्याच्या मोलातून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी शिकवावेत, या निवडीत त्या संस्थेने दुसरा मार्ग पत्करला, आणि तो आदराने पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रातही तंबोरा, तबला किंवा संवादिनी यांची हजारांतली किंमत एखाद्या शेतमजूर कुटुंबातील मुलाला कोटींइतकीच अवघड वाटू शकते. म्हणून बिनव्याजी हप्ते किंवा शाळेच्या मालकीची, घरी नेता येणारी वाद्ये या युक्त्या येथेही तितक्याच उपयोगाच्या आहेत.

महाग वाद्यांच्या किमती खाली येतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. हाती उरते ते मालकीची रचना बदलणे. ज्या संस्था उघड स्पर्धेने, स्पष्ट व पुरेशा मुदतीवर, विम्याचा भार वादकावर न लादता वाद्य देतात, त्यांच्या हाती दुर्मीळ वाद्ये जावीत यासाठी सरकारांनी व दात्यांनी प्रयत्न करावेत. मधल्या पायरीवरील वादकाला सुलभ कर्ज आणि कराचा आधार मिळावा. आणि हयात कारागिरांकडे त्यांच्या हयातीतच मागणी जावी. व्हायोलिन वाजवण्यासाठी घडवलेले असते, म्हणून ते कोणी वाजवावे याचा निर्णय पैशाने नव्हे तर वादनाच्या गुणवत्तेने व्हावा, आणि तो तसा होण्यासाठी लागणाऱ्या व्यवस्था निरनिराळ्या देशांनी करून दाखवलेल्या आहेत.